माफीच्या अर्जातली दोन नावं

२८ एप्रिल

रिसाल्यात असताना बावीस वर्षं रोजनामा लिहिला. घोडे किती, लंगडे किती, कोण रजेवर, कोण ताडी पिऊन पडला. स्वतःविषयी त्यात कधी एक ओळ नसायची. दफेदाराला स्वतःविषयी काही वाटावं अशी सोयच नव्हती. घरी बसल्यापासून वही बंद होती, ती आज पुन्हा उघडली. कारण मला भीती वाटते आहे, आणि ती या घरात कुणाला सांगता येत नाही.

संध्याकाळी नरसिंहमूर्ती आला होता. तो सरकारी कचेरीत इंग्रजी नकला करतो, आमच्या लष्कर मोहल्ल्यातच मागच्या गल्लीत राहतो. दारातूनच हळू आवाजात, आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला, "रायरे, रावसाहेब, एक विषय आहे. माझं नाव कुठे घेऊ नका." जूनमध्ये महाराजांची वर्धंती आहे. त्या वाढदिवसाला दरसाल काही कैदी सोडतात, पण ते चोर नाहीतर मारामारीवाले. यंदा म्हणे चळवळीत शिक्षा झालेल्यांचीही एक यादी हुजुरात जायची आहे. ज्यांच्या घरच्या वडीलधाऱ्याने अर्ज केला आणि ज्यांचा अर्ज पटला, तेवढ्यांचीच.

आमच्या मानाजीला एक वर्षाची सक्तमजुरी आहे. माघात नरसीपूरच्या संगमावर जत्रा भरते, तिथे ही पोरं चरख्याचा झेंडा घेऊन घुसली. पोलिसांनी काठ्या चालवल्या, कुणीतरी दगड मारला, तालुक्याच्या अमलदारांचं कपाळ फुटलं. बाकीची पोरं वाळूतून पळाली. झेंडा घेतलेला मानाजी तेवढा उभाच राहिला आणि सापडला. कोर्टात त्याने तोंड उघडलं नाही. दगड कुणी मारला एवढं सांगितलंस तर शिक्षा कमी होईल, असं मॅजिस्ट्रेट स्वतः म्हणाले, तरी हा गप्प. हट्ट माझा घेतला आहे, अक्कल कुणाची घेतली देव जाणे.

चार पिढ्या आम्ही या सरकारचं मीठ खाल्लं. आता त्याच सरकारच्या तुरुंगात माझा मुलगा खडी फोडतो.

३० एप्रिल

आज भेटीचा दिवस होता. त्याच्या आईला, नर्मदाला, नेलं नाही. तिकडे ताप आहे असं ऐकलं होतं, आणि ते खरं निघालं. गेल्या आठवड्यात दोघे गेले, असं शिपायाने सांगितलं, जणू दोन कोंबड्या मेल्या.

मानाजी जाळीपलीकडे आला तेव्हा मी आधी त्याच्या मागे बघत राहिलो, मानाजी कधी येतो म्हणून. इतका उतरला आहे. हाताला फोड, खोकला कोरडा. अर्जाचं बोललो तर म्हणाला, "आप्पा, माफी मागू नका. मी मजेत आहे." मजेत! मग विचारलं, "अंबाजी कसा आहे?"

अंबाजी माझ्या धाकट्या बहिणीचा, गिरिजाचा मुलगा. गिरिजा तरुणपणीच विधवा झाली, तेव्हापासून शेजारच्या घरात राहते. दोन्ही मुलं एका ताटात जेवून वाढली. मी म्हटलं, "त्याला काय धाड भरली आहे? दोन वेळा जेवतो आणि पुस्तकाला हात लावत नाही." त्यावर मानाजी हसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा हसला असेल. मला मनातून रागच आला. स्वतःच्या छातीचा भाता झालाय, आणि याला काळजी अंबाजीची.

घरी येऊन नर्मदाला सांगितलं, तब्येत चांगली आहे. 

४ मे

आज दुपारी अंबाजी आला आणि ओसरीवर बसून एकदम रडायला लागला. वीस वर्षांचा बाप्या. मी म्हटलं, "येन आयतु रे? काय झालं?" डोळे पुसत म्हणाला, "मामा, मी पण होतो तिथं. मी त्याच्या उजव्या हाताला होतो, वेंकटेश डाव्या हाताला." हा वेंकटेश बाजारातल्या वरलक्ष्मीबाईंचा मुलगा, या दोघांच्याच वर्गातला.

"मग तू बघितलंस ना? मानाजीने दगड मारला?"

"नाही मारला मामा. देवाशपथ नाही."

"खात्री आहे?"

तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. म्हणाला, "मला माहीत आहे." आणि पुन्हा रडू लागला. मला मात्र हायसं वाटलं. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार घरात निघाला!

तेवढ्यात नर्मदा आतून आली. तिने त्याला पाणी दिलं, डोक्यावरून हात फिरवला आणि घरी धाडलं. मग मला म्हणाली, "अंबाजीनं काय सांगितलं ते सुम्ने, गुमान विसरून जा तुम्ही."

"का म्हणून?"

"विसरा म्हटलं तर विसरा की हो."

बायकांना कायद्याचं काय कळतं!

६ मे

अर्ज झाला.

आमच्या रिसाल्यात एक रिवाज होता. एखाद्या बारगिरावर बालंट आलं, घोडा हरवला, तलवार मोडली, तर कमांडर एकच विचारायचे, "तुझ्या उजव्या हाताला कोण होतं? डाव्या हाताला कोण होतं?" ते दोघे पुढे येऊन बोलले की माणूस सुटला. दोघांना काही व्हायचं नाही, उलट साथ दिली म्हणून मान मिळायचा. आणि ज्याला दोन्हीकडची नावं देता आली नाहीत, त्याचा अर्ज कमांडर वाचायचेसुद्धा नाहीत. ज्याच्या बाजूला कुणी उभं नाही, त्याच्यावर सरकारने तरी का विश्वास ठेवावा?

म्हणून मी अर्जात सगळं रीतसर लिहिलं. घराण्याची चाकरी लिहिली, वडिलांची तलवार, माझ्या मांडीतली गोळी. मानाजीचा पश्चात्ताप लिहिला. तो त्याला झालेला नाही, पण बापाला झाला आहे तो काय वेगळा? आणि शेवटी लिहिलं की त्याने दगड मारलेला नाही, त्याच्या उजव्या हाताला अंबाजी आणि डाव्या हाताला वेंकटेश हे अखेरपर्यंत उभे होते, दोघे कुलीन घरचे आहेत, त्यांना खुशाल विचारावं. ठावठिकाणाही दिला.

नरसिंहमूर्ती समोर बसून अर्जाचं इंग्रजी करत होता. तिथे आल्यावर त्याची लेखणी थांबली. "रायरे, ही नावं बेका? हवीतच का?"

"हवीत."

"स्वल्प विचार करा. त्या मुलांना विचारलंत?"

"साथ द्यायला विचारावं लागत नाही."

त्याने घाम पुसला आणि लिहिलं. सही करण्याआधी अर्ज दोनदा मोठ्याने वाचून दाखवला, ती दोन नावं आली की आवाज बारीक व्हायचा. बिचारा कचेरीत बसून बसून असाच झाला आहे. सावलीला भितो.

१३ मे

काही कळत नाही. तुरुंगात आणखी एक गेला. नाव कळेपर्यंत मी फाटकासमोर चिंचेखाली उभा होतो. मेलेला दुसऱ्याच कुणाचा मुलगा होता. मला आनंद झाला. हेही लिहून ठेवतो, कारण खोटं लिहायची सवय नाही.

मांडीत गोळी घुसली तेव्हा मी भ्यालो नव्हतो. आता दाराची कडी वाजली तरी उघडायला नर्मदाला पाठवतो.

१७ मे

शुभवर्तमान! अर्ज वाचला गेला. आज एक पोलीस इन्स्पेक्टर साध्या कपड्यांत घरी आले, पद्मनाभय्या नावाचे. गृहस्थ फार नम्र. दारातच मला सलाम केला, "दफेदारसाहेब" म्हणाले. चार वर्षांपूर्वी संपलेल्या लढाईत त्यांचे थोरले भाऊ आमच्या घोडदळातून गेले होते. कितीतरी दिवसांनी माझ्याशी कुणी नीट बोललं. मी नर्मदाला कॉफी करायला सांगितली.

ते म्हणाले, "तुमच्या अर्जाने वरचे लोक खूश आहेत. इतका सरळ अर्ज कुणाचा आला नाही." मग वही काढून काही बारीकसारीक विचारलं. अंबाजी झेंड्यापासून किती हातांवर होता? उजवीकडेच ना? अमलदार कोणत्या बाजूला उभे होते? मी अंबाजीने सांगितलेलं आठवून सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडून वहीत सही घेतली. जाताना म्हणाले, "मुलगा वर्धंतीला घरी येईल असं समजा."

ते गेल्यावर नर्मदाने कप उचलला. त्यात कॉफी तशीच होती.

"ज्याला चौकशी मुलाची करायची आहे, त्यानं मुलाचं काय विचारलं हो?" ती म्हणाली.

"सगळंच तर विचारलं."

"अंबाजीचं विचारलं."

मी तिच्यावर ओरडलो. आमच्या घरात चांगली गोष्टसुद्धा गोड मानून घेत नाहीत.

१९ मे

अंबाजीला नेलं. दुपारी जेवायला बसला होता, पानावरून उठवलं. वेंकटेशलाही बाजारातून नेलं.

गिरिजा पदर न सावरता धावत आली. "दादा, चला हो, तुमचं ऐकतील ते." मी पगडी घातली आणि चौकीवर गेलो. पद्मनाभय्या होते, पण आज त्यांनी सलाम केला नाही. "चौकशी आहे," एवढंच म्हणाले. मी गिरिजाला समजावलं की साक्ष घ्यायला नेलं असेल, दोन दिवसांत सोडतील. ती वाटभर एकच म्हणत होती, "कुणी चहाडी केली? माझ्या पोराचं नाव कुणी घेतलं? त्याच्या जिभेला किडे पडतील."

साक्षच घेत असणार. साक्षीदाराला जेवणावरून उठवतात का, ते मला माहीत नाही. रिसाल्यात उठवत नसत.

२० मे

झोप नाही. नर्मदा रात्री गिरिजाकडे निजायला गेली.

२३ मे

आज जे झालं ते लिहायला हात चालत नाही, तरी लिहितो.

तुरुंगातून बोलावणं होतं. यादीत घालायचं तर अर्जाखाली कैद्याचीही सही लागते, 'वरील मजकूर खरा आहे' म्हणून. जेलरच्या खोलीत मानाजीला आणलं. मध्ये जाळी नव्हती, मी त्याच्या खांद्याला हात लावला तर अंग कढत होतं. कागद त्याच्या हातात दिला. तो उभ्या उभ्या वाचत गेला. शेवटच्या पानावर आला आणि त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं.

"आप्पा, हे तुम्ही लिहिलंत?"

"मीच. खोटं काय आहे त्यात?"

"काहीच खोटं नाही." त्याने कागद टेबलावर ठेवला. "म्हणूनच सही करत नाही."

जेलर म्हणाले, विचार कर, वर्धंतीला घरी जाशील. तो जेलरकडे बघतसुद्धा नव्हता. माझ्याकडे बघत होता. "अंबाजीला नेलं?"

मी मान हलवली.

तो मटकन खाली बसला. खोकल्याची उबळ आली, ती जाईना. मग आमच्या मराठीत, जेलरला कळू नये म्हणून, अगदी हळू म्हणाला, "आप्पा, मी चार महिने कशासाठी गप्प बसलो? आत्याला दुसरं कोण आहे?"

तेव्हा मला कळलं. अंबाजी आपल्या उजव्या हाताकडे का बघत होता ते कळलं. नर्मदाने विसरा का म्हटलं ते कळलं. मूर्तीची लेखणी का थांबली, साध्या कपड्यांतल्या माणसाने कॉफी का प्यायली नाही, सगळं. मला सोडून साऱ्या गावाला कळत होतं ते.

त्याला परत नेलं. जाताना तो वळला नाही.

२४ मे

गिरिजा सकाळी आली. अंबाजीला चौकीवर मारतात, असं तिला कुणीतरी सांगितलं आहे. अजून त्याने काही कबूल केलेलं नाही. म्हणाली, "दादा, तुमचा अर्ज वर पोचला म्हणतात. तुमच्या हाताला यश आहे. माझ्या अंबाजीसाठी पण एक लिहा ना."

मी लिहितो म्हणालो. काय करणार होतो?



२७ मे

मूर्तीच्या घरी गेलो. त्याची बायको कमलाक्षी आत स्वयंपाकघरात होती, त्याने मधलं दार लोटून घेतलं. मी सरळ विचारलं, "अंबाजीविरुद्ध पुरावा काय आहे?"

"तुमचा अर्ज आणि वहीतली तुमची सही. दुसरं काही नाही, रायरे. जत्रेत चेहरे कुणी ओळखले नाहीत. पण सख्ख्या मामाचं लिहिणं आहे. ते कोर्टात फार वजनाचं होतं."

"आणि दगडाला शिक्षा किती?"

"अमलदारांच्या डोक्याला लागला आहे. पाच वर्षं. सात पण."

मी विचारलं, अर्ज मागे घेतला तर? तो म्हणाला, नुसता मागे घेऊन भागणार नाही, त्यातलं लिहिणं खोटं होतं असं मॅजिस्ट्रेटसमोर सांगावं लागेल. मग त्या मुलांना धरून ठेवता येणार नाही. "पण मानाजीचं नाव यादीतून जाईल. त्याच्या सहीचं ते पद्मनाभय्या बघून घेणार होते. आजारी आहे असं लिहून सहीशिवाय यादीत घालणार होते. आणि रायरे, हुजुरात खोटा अर्ज केला म्हणून तुमच्यावर खटला होऊ शकतो."

म्हणजे मी काहीच केलं नाही, तर वर्धंतीला मानाजी घरी येतो.

२८ मे

काहीच केलं नाही.

२९ मे

आजही नाही. उगाच नाव सोज्वळ करून घ्यायला ही वही नाही, म्हणून लिहितो. दोन दिवस मी हिशेब मांडत बसलो होतो की अंबाजी तरुण आहे, धडधाकट आहे, पाच वर्षं काढील. मानाजी तापात आहे, हा पावसाळा काढणार नाही. दगड ज्याने मारला त्याने भोगावं, यात अन्याय काय? कुणीही न्यायाधीश हेच म्हणेल. गिरिजाला कधी कळणारही नाही.

मग ती परसातल्या भिंतीवरून रोजच्यासारखी ताकाची लोटी द्यायला आली. घरात कुणी नाही तर एवढं ताक कोण पिणार, म्हणून अंबाजीला नेल्यापासून मलाच जास्त देते. हात पुढे केला, पण मला ती धरवेना. लोटी खाली पडली.

"दादा, बरं नाही का तुम्हाला?"

३१ मे

जाऊन आलो.

पगडी घातली, पदक लावलं, पुन्हा काढून ठेवलं. खोटं बोलायला पदक कशाला? मॅजिस्ट्रेटसमोर उभा राहिलो आणि सांगितलं की त्या दिवशी मी घरी पाय धरून पडलो होतो. नरसीपुरात काय झालं हे मला कुणीही सांगितलेलं नाही. अर्जाला उजव्या-डाव्या हाताची नावं हवीत असा आमच्या रिसाल्याचा रिवाज, म्हणून जवळची दोन नावं मनानेच घातली. इन्स्पेक्टरांना सांगितलं तेही अर्ज खरा दिसावा म्हणून रचलेलं. मुलगा सुटावा एवढीच इच्छा होती.

बावीस वर्षांच्या रोजनाम्यात माझी एक ओळ खोटी नाही. आज दहा मिनिटांत दहा वेळा खोटं बोललो आणि एकदाही अडखळलो नाही.

मॅजिस्ट्रेटांनी लेखणी खाली ठेवली. त्यांना खरं कळलं असावं. म्हणाले, "दफेदार, याचा अर्थ तुम्हाला कळतो ना?" मी हो म्हटलं. वय आणि चाकरी बघून खटला करत नाही, पण अर्ज रद्द आणि पुन्हा अर्ज करायला बंदी, असा हुकूम लिहिला. सरकारदरबारी माझ्या शब्दाची किंमत आता शून्य, असंही त्यात आहे. वाचून दाखवलं.

बाहेर पद्मनाभय्या उभे होते. रागावले असतील असं वाटलं, पण आवाज मऊ होता. "तुमच्या मुलाचं नाव यादीत गेलं होतं, दफेदारसाहेब. पक्कं होतं." एवढं बोलून ते गेले. ते मला शिव्या देते तर बरं झालं असतं.

३ जून

नर्मदाला सांगितलेलं नाही. काल सांगायला बसलो तर तिने विचारलं, पावसाआधी छपराची कौलं फिरवायला माणूस बोलावला का. मी बोलावतो म्हटलं आणि उठलो. आज ती मानाजीची अंथरुणं उन्हात घालत होती, तेव्हाही तोंडापर्यंत आलं आणि गिळलं. मॅजिस्ट्रेटला भ्यालो नाही. या बाईला भितो. ती रडली तर काय, त्याला नाही. ती विचारील, "तुम्ही त्याला मारलंत का?" आणि मला उत्तर येणार नाही, याला भितो.

७ जून

दोन दिवसांनी वर्धंती. पोरांना अजून सोडलेलं नाही, हुकूम निघतोय म्हणतात. निघाला नाही तर? मी दोघांनाही घालवून बसलेला असेन. तुरुंगातून ताप हटलेला नाही. मूर्ती म्हणाला मानाजी दवाखान्याच्या खोलीत आहे. बरा की वाईट ते त्याला माहीत नाही.

नर्मदा म्हणाली, "परवा मी पण येते फाटकाशी."

मी म्हटलं, "उन्हात कशाला?"

"आई आहे मी. येणार."

अजून सांगितलेलं नाही.

९ जून, वर्धंती

पहाटे राजवाड्याकडून तोफा झाल्या. एरवी मी अंगणात उभा राहून मोजतो आणि प्रत्येकीला मान लववतो. आज कानात बोटं घालावीशी वाटली.

नर्मदाने गाठोडं बांधलं होतं. वाटभर मी तिच्या दोन पावलं मागे चाललो. फाटकाशी पन्नासेक माणसं, बायकांच्या हातात हार, नवी धोतरं, कुणी लाडूचा डबा आणलेला. जेलर स्टुलावर चढून यादी वाचायला लागले. एकेक नाव, बापाचं नाव, गाव. आतून एकेक माणूस डोळे चोळत बाहेर येत होता, आणि रडारड आणि हसाहशी.

पाच-सहा नावं झाली असतील.  आता यादी संपेल आणि ती माझ्याकडे बघेल. तेवढ्यात नर्मदा गर्दीतून बाजूला निघाली आणि छोट्या दाराशी उभ्या शिपायाकडे गेली. यादी अजून निम्मी वाचायची होती. मी मागे धावलो. तिने गाठोडं सोडलं. आत धोतर नव्हतं, सदरा नव्हता. जाड घोंगडी होती, चटणीची बरणी, सुंठ आणि तापावरच्या काढ्याची पुडी.

शिपायाला म्हणाली, "मानाजीराव भुजंगराव. दवाखान्याच्या खोलीत आहे. हे द्या त्याला. पावसाळा काढायचा आहे अजून."

 मी विचारलं, "कधी कळलं तुला?"

"तुम्ही कोर्टात गेलात त्याच दिवशी. कमलाक्षीनं सांगितलं. दाराआडून ऐकलं होतं तिनं." ती घोंगडीची घडी पुन्हा पुन्हा सारखी करत होती. "दहा दिवस वाट बघितली. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील."

"मला भीती वाटली."

"मला काय वाटत नाही भीती?" ती एकदम मोठ्याने म्हणाली. लोक बघायला लागले. "माझ्यापाशी बसून भ्यायचं होतंत. मी एकटी, तुम्ही एकटे. बेडा हो असलं घर. नको."

भर रस्त्यात मी तिच्यासमोर रडलो. शिपाई आत जाऊन आला, म्हणाला, ताप काल उतरला होता, आज पुन्हा आहे. घोंगडी घेतली. "आप्पांनी सांगितलं का," असं मानाजीने विचारलं म्हणे. काय सांगितलं का, ते शिपायाला कळलं नाही. नर्मदाने उत्तर पाठवलं, "सांगितलं म्हणावं. अंबाजी सुटतोय." यावर तो काही बोलला की नाही, ते कळायला आणखी थांबलो, पण फाटक लागलं.

घरी आलो तर गिरिजाच्या दारात माणसं जमली होती. अंबाजीला दुपारी सोडलं होतं. एक डोळा सुजलेला, ओठ फाटलेला, पण पायांवर उभा होता. त्याने मला पाहिलं. आपण उजव्या हाताला होतो, हे त्याने कुणाला सांगितलं होतं ते तो विसरलेला नाही. चौकीवर त्याला अर्जही दाखवला असणार. तो पाया पडायला वाकला नाही. मान खाली घालून उभा राहिला.

गिरिजा साखरेची वाटी घेऊन फिरत होती. आमच्यापाशी येऊन थबकली. "वहिनी, मानाजी कुठाय? त्याला घेऊन नाही आलात?"

 नर्मदा म्हणाली, "यादीत नाव राहिलं म्हणे, वन्सं. नकलणाऱ्याची चूक. असू दे, माघापर्यंत सुटेलच."

"अय्यो, असं कसं राहिलं? दादांनी एवढा अर्ज लिहिला!" तिचे डोळे भरून आले. मग माझ्याकडे वळली. "आणि दादा, माझ्या पोराचं नाव कुणी दिलं असेल हो? तुम्हाला काही कळलं का?"

मी अंबाजीकडे पाहिलं नाही. पाहू शकलो नाही. अंबाजीच म्हणाला, "आई, आता पुरे. पोलिसांनी नाव सांगितलं नाही. दे सगळ्यांना साखर."

गिरिजाने नर्मदाच्या हातावर चिमूटभर साखर ठेवली, मग माझ्या. नर्मदाने ती लगेच तोंडात टाकली. मी मूठ मिटून उभा होतो. ती माझ्या जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "खा. वन्सं बघतायत."

मी खाल्ली.